बॉडी अर्ध्या पॉइंटने कमी करायची होती : एका जिल्हा दैनिकाच्या स्टाईल लायब्ररीचं प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्हा दैनिकाचं हे प्रकरण आहे. नाव देत नाही, कारण हीच अवस्था अजून कितीतरी डेस्कवर आहे. बारा पानी ब्रॉडशीट, आठ कॉलमी पान, एक शहर आवृत्ती आणि दोन डाक आवृत्त्या (गाडीने बाहेरगावी जाणाऱ्या), पानं इनडिझाइन ह्या पान लावायच्या प्रोग्राममध्ये लागतात. व्यवस्थापनाने मागितलेली गोष्ट अगदी साधी होती. बॉडी, म्हणजे बातमीचा मुख्य मजकूर, ११ पॉइंटवर (अक्षराचा आकार) १४ लीडिंगने (ओळीपासून ओळीचं अंतर, तेही पॉइंटमध्ये) होती ती साडेदहावर १३ करा, कागद महाग झालाय, पानं वाढवता येणार नाहीत आणि तालुक्याच्या बातम्या रोज उरतात. हिशोबही बरोबर होता. पन्नास सेंटीमीटरच्या कॉलममध्ये १४ लीडिंगने १०१ ओळी बसतात, १३ ने १०९. कॉलममागे आठ ओळी, आठ कॉलमचं पान धरलं तर चौसष्ट, म्हणजे एक चांगली दोन कॉलमी बातमी जवळजवळ फुकटात.

ज्याने इनडिझाइन वापरलंय तो म्हणेल की ह्यात काय आहे, पॅरेग्राफ स्टाईल (फाँट, साइझ, लीडिंग वगैरे एका नावाखाली साठवलेलं सेटिंग) उघडा, साइझ बदला, ओके दाबा, सगळीकडे बदलेल. तसंच केलं. पान तीनवर ‘बॉडी’ नावाची स्टाईल बदलली आणि आठपैकी साधारण तीन कॉलम बदलले. बाकीचे जागच्या जागी. मग त्या न बदललेल्या कॉलममध्ये कर्सर ठेवून बघितलं तर एकाची स्टाईल ‘बॉडी १’, दुसऱ्याची ‘बॉडी कॉपी २’, तिसऱ्याची ‘नॉर्मल’, एकाची ‘७०८ बॉडी’, आणि एका ठिकाणी तर स्टाईल ‘बेसिक पॅरेग्राफ’ पण पुढे प्लसची खूण, म्हणजे सगळं फॉरमॅटिंग हाताने केलेलं. त्या एका पानाच्या फाइलमध्ये पॅरेग्राफ स्टाईल दोनशेच्या वर निघाल्या. कॅरेक्टर स्टाईल, म्हणजे पॅरेग्राफमधल्या थोड्याच अक्षरांना लागणाऱ्या, त्या वेगळ्या.

मला ह्या प्रकरणातून जे सांगायचंय ते एकच आहे, की स्टाईलला नाव देताना तो मजकूर पानावर काय काम करतो ते नाव द्यायचं, तो कसा दिसतो ते नाही. ‘११ बोल्ड सेंटर’ हे नाव आज खरं असतं आणि ज्या दिवशी साइझ बदलते त्या दिवशी खोटं होतं, मग पुढचा माणूस ती स्टाईल बदलायला घाबरतो आणि शेजारी नवीन करतो. ‘फोटोओळ’ हे नाव मात्र साइझ ९ असो की साडेनऊ, खरंच राहतं. ऐकायला फार सोपं वाटतं. करताना काय काय मध्ये येतं ते खाली लिहिलंय.

आधी दोनशे स्टाईल आल्या कुठून ते बघू, कारण कुणी बसून दोनशे स्टाईल बनवत नाही.

पहिला रस्ता म्हणजे जुना वारसा. जिल्ह्याच्या ठिकाणी बहुतेक पेपर पेजमेकर ह्या जुन्या पान लावायच्या प्रोग्रामवर वाढले. पेजमेकरची शेवटची ७.० आवृत्ती २००१ मध्ये आली पण डीटीपीच्या दुकानांत आणि छोट्या पेपरांत तो नंतरही बरीच वर्षं चालला, मग कुठे क्वार्क हा तसाच दुसरा प्रोग्राम, मग इनडिझाइन. क्वार्कच्या जुन्या ३.३ आणि ४.१ च्या फाइली इनडिझाइनमध्ये थेट उघडायच्या, त्यामुळे क्वार्कच्या स्टाईलशीट तशाच्या तशा आत आल्या. त्यातच ‘७०८ बॉडी’ आली, कारण श्रीलिपी ह्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा तो नंबरवाला फाँट तेव्हा बॉडीला असायचा आणि ऑपरेटर लोक फाँटला नंबरानेच ओळखायचे. आता मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या सामाईक अक्षरसंकेतात) येतो, पण ती स्टाईल अजून जुन्याच फाँटकडे बोट दाखवते, म्हणून ती चुकून लागली की सगळ्या मजकुराचे गुलाबी चौकोन होतात.

दुसरा रस्ता वर्डचा. बातमीदार वर्डमधून फाइल पाठवतात, ती प्लेस केली, म्हणजे पानात घेतली, की वर्डच्या ‘नॉर्मल’, ‘हेडिंग १’ वगैरे स्टाईल सोबत येतात. पॅनलमध्ये अशा स्टाईलपुढे छोट्या डिस्कचं चिन्ह दिसतं, ते चिन्ह दिसलं की समजायचं ही बाहेरून आलीय. तिसरा रस्ता कालच्या पानाचा. रोज टेम्प्लेट उघडण्याऐवजी कालचंच पान ‘सेव्ह अ‍ॅज’ करायचं आणि त्यावर आजचं लावायचं, ही सवय सगळीकडे आहे, वेळ वाचतो हेही खरं. पण कालच्या पानात परवाचा कचरा असतो, परवाच्यात तेरवाचा, आणि निवडणुकीच्या निकालासाठी केलेली स्टाईल पुढच्या पावसाळ्यापर्यंत पानात बसून राहते. चौथा रस्ता जाहिरातीचा, त्याबद्दल पुढे लिहितो कारण खरा घोळ तिथे झाला.

आणि पाचवा रस्ता, जो कुणी मोजत नाही, तो म्हणजे रात्री साडेअकराची वेळ. पान सोडायचंय, बातमी दोन ओळी जास्त भरतेय, उपसंपादक दुसऱ्या पानावर अडकलाय. ऑपरेटर काय करणार, पॅरेग्राफ सिलेक्ट करून ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) उणे वीस, नाहीतर हॉरिझाँटल स्केल (अक्षराची रुंदी) नव्वद टक्के, बसली बातमी. त्यात त्याची काही चूक मी मानत नाही. त्याला दुसरा मार्ग दिलेलाच नव्हता. पण दुसऱ्या दिवशी त्याच फ्रेमवर (मजकूर ठेवायच्या खोक्यावर) नवीन बातमी पडते आणि ती जन्मापासूनच नव्वद टक्क्यांची असते.

आता काम. आम्ही संगणकापासून सुरुवात केली नाही. आठवड्याभराचे छापलेले पेपर टेबलावर पसरले आणि वरिष्ठ उपसंपादक, दोन ऑपरेटर आणि मी असे लाल पेन घेऊन बसलो. प्रत्येक मजकुराला गोल करून विचारायचं, हे काय आहे? डेस्कवर ह्याला काय म्हणून हाक मारता? लीडचं (पानावरच्या मुख्य बातमीचं) हेड, शोल्डर (हेडच्या वरची छोटी ओळ), बायलाइन (बातमीदाराचं नाव), डेटलाइन (गाव आणि तारीख), इंट्रो (बातमीची सुरुवात), मजकूर, मधलं हेड, चौकटीचं हेड, चौकटीतला मजकूर, फोटोओळ, अँकरचं (पानाच्या तळाशी लागणाऱ्या बातमीचं) हेड, संक्षिप्त, श्रद्धांजली, बाजारभाव, राशिभविष्य, ‘उर्वरित पान ५ वर’. ज्याला हाक मारायला शब्द आहे त्याला स्टाईल मिळणार, ज्याला नाही त्याला नाही. ह्या एका नियमाने दोनशेच्या चाळीसच्या आत आल्या आणि फारसा वाद झाला नाही, कारण निर्णय आमचा नव्हता, ते शब्द डेस्कवर आधीपासून होतेच.

वाद झाला हेडवर. हेडचं काम काय तर बातमीचा मथळा, मग सगळ्या हेडना एकच स्टाईल? नाही चालत. डेस्कवर ‘तीन कॉलमी, दोन ओळी’ असंच बोलतात, आणि ते दिसण्याचं वर्णन नाही, ती बातमीला दिलेली जागा आहे, तिचं वजन आहे. म्हणून हेड एक कॉलम, दोन कॉलम, तीन कॉलम, चार-पाच कॉलम, लीड आणि अँकर अशी विभागणी केली. रंगीत पट्टीवरचं पांढरं हेड वेगळं हवं असा एका पान-डिझायनरचा आग्रह होता, ते नाकारलं. पांढरा रंग ही कॅरेक्टर स्टाईल, हेड तेच.

नावं देवनागरीत द्यायची की रोमनमध्ये हाही प्रश्न आला. इनडिझाइनला दोन्ही चालतात. पण ऑपरेटर लोक स्टाईल माउसने शोधत बसत नाहीत, कंट्रोल-एंटर दाबून क्विक अप्लायची खिडकी उघडतात आणि दोन अक्षरं टाइप करतात, आणि त्या क्षणी कीबोर्ड मराठीत आहे की इंग्रजीत ह्यावर सगळं अवलंबून. म्हणून प्रत्येक नावाआधी दोन आकडी नंबर दिला आणि नाव देवनागरीत ठेवलं. दहाच्या घरात हेड, वीसच्या घरात मजकूर, तीसच्या घरात फोटो आणि चौकट, चाळीसच्या घरात कोष्टकं आणि भाव. नंबर नमपॅडवरून टाकायचा. तक्ता छापून प्रत्येक मशीनशेजारी चिकटवला. महिनाभरात लोक ‘त्याला एकवीस लाव’ असं बोलायला लागले, जसे पूर्वी ७०८ म्हणायचे तसेच, फक्त आता नंबर फाँटचा नाही, कामाचा आहे.

स्टाईल ग्रुप, म्हणजे पॅनलमधले फोल्डर, आम्ही मुद्दाम वापरले नाहीत. दिसायला छान दिसतात पण इनडिझाइनच्या दृष्टीने ‘मजकूर’ फोल्डरमधली ‘इंट्रो’ आणि बाहेरची ‘इंट्रो’ ह्या दोन वेगळ्या स्टाईल आहेत. एका पानात फोल्डर आहे आणि दुसऱ्यात नाही, अशा वेळी इकडचा मजकूर तिकडे पेस्ट केला की फोल्डरसकट दुसरी इंट्रो हजर. जिथे रोज पानांची अदलाबदल होते तिथे नंबर लावलेली सपाट यादीच बरी असं माझं ठाम मत आहे.

आता रचनेचा गाभा, ‘बेस्ड ऑन’. एका स्टाईलवर दुसरी आधारलेली असली की मुलीत जेवढं वेगळं लिहिलंय तेवढंच तिचं स्वतःचं, बाकी सगळं आईकडून. आम्ही सगळ्यात वर ‘०० पाया’ नावाची स्टाईल केली जी कुठल्याच मजकुराला लावायची नाही. तिच्यात मुख्य गोष्टी तीनच. भाषा मराठी, कंपोझर वर्ल्ड-रेडी, आणि जस्टिफिकेशनमध्ये (ओळ दोन्ही कडांना भिडवण्याच्या सेटिंगमध्ये) लेटर स्पेसिंग शून्य-शून्य-शून्य. तिच्याखाली ‘१० हेड पाया’ आणि ‘२० मजकूर पाया’, आणि त्यांच्याखाली रोजच्या वापरातल्या. ‘बेसिक पॅरेग्राफ’वर एकही स्टाईल आधारलेली ठेवली नाही, कारण ती प्रत्येक फाइलमध्ये त्याच नावाने असते पण आतली सेटिंग प्रत्येक फाइलची वेगळी असू शकते, आणि पेस्ट करताना नाव सारखं असलं की जिथे पेस्ट करतोय तिथली व्याख्या जिंकते. म्हणजे त्यावर आधारलेल्या स्टाईलचं रूप फाइलगणिक पालटू शकतं.

पायात ह्याच तीन गोष्टी का, ते जरा थांबून सांगतो, कारण इंग्रजी पेपरांसाठी लिहिलेल्या माहितीत हे नसतं.

लेटर स्पेसिंग आणि ट्रॅकिंग. देवनागरीची शिरोरेषा अक्षरांना जोडून चालते. चार सेंटीमीटरच्या कॉलममध्ये ‘जिल्हाधिकाऱ्यांच्या’ असा एक शब्द आला की ओळीत दोनच शब्द मावतात, जस्टिफाय करताना मोकळी जागा कुठेतरी जाणार. लेटर स्पेसिंगला थोडीही सूट असली तर प्रोग्राम अक्षरं ताणतो आणि शिरोरेषेत फटी पडतात, छापल्यावर ओळ तुटक दिसते. शून्य ठेवलं की सगळी जागा शब्दांच्या मध्ये जाते. तेही फार देखणं नाही पण शब्द अखंड राहतो. हॉरिझाँटल स्केलचा त्रास वेगळा आहे, नव्वद टक्क्याला उभे दंड बारीक होतात आणि शिरोरेषा तेवढीच जाड राहते, मजकूर वेगळ्याच फाँटमधला वाटायला लागतो. म्हणून स्केलला पूर्ण बंदी घातली. पण नुसती बंदी घालून रात्री साडेअकराची अडचण सुटत नाही, तेव्हा ‘२९ मजकूर घट्ट’ अशी एक अधिकृत स्टाईल दिली, मजकुरावर आधारलेली, ट्रॅकिंग उणे दहा. दोन ओळी बसवायच्या असतील तर ती लावा, त्याहून जास्त असेल तर बातमी कापा, आणि कापायचं काम उपसंपादकाचं. हे ठरल्यावर ऑपरेटरांनी सगळ्यात मोठा सुस्कारा सोडला.

भाषा मराठी. काही युनिकोड फाँटांत मराठी आणि हिंदीसाठी ल आणि श ची वेगवेगळी रूपं असतात आणि कुठलं दाखवायचं हे भाषेच्या सेटिंगवरून ठरतं. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णलेखनाच्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श दिलेला आहे, शाळेत मुलं तेच गिरवतात. वर्डमधून आलेल्या मजकुराला हिंदी भाषा चिकटलेली असली की एकाच पानावर दोन प्रकारचे ल दिसायचे आणि कुणाला कळायचं नाही की फाँट तोच असून असं का.

आणि कंपोझर. इनडिझाइनमध्ये ओळी लावणारं जे इंजिन असतं त्यात साधा अ‍ॅडोबी कंपोझर आणि वर्ल्ड-रेडी कंपोझर असे प्रकार आहेत. भारतीय लिप्यांची जोडाक्षरं आणि मात्रा नीट बसवायचं काम वर्ल्ड-रेडीचं, २०१२ च्या सीएस ६ पासून ते सरळ वापरता यायला लागलं. पॅरेग्राफ स्टाईलमध्ये जस्टिफिकेशनच्या पानावर खाली हा एक छोटा पर्याय असतो, सहसा कुणी बघत नाही. साधा कंपोझर लागला की पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येते, ‘प्र’चा ‘प्’ आणि ‘र’ सुटे होतात.

जाहिरातीचा घोळ इथला. एका निविदा सूचनेचा मजकूर बाहेरच्या फाइलमधून उचलून पानावर पेस्ट केला गेला. त्यातली स्टाईल आमच्याकडे नव्हती म्हणून ती स्वतःच्या व्याख्येसकट आली, साध्या कंपोझरसकट. त्या मजकुरात ‘निविदा’, ‘निर्धारित’, ‘अधिकृत’ असे वेलांटीचे शब्द रांगेने होते आणि प्रत्येकाची वेलांटी भलतीकडे. प्रूफ वाचणाऱ्याने मूळ मजकूर मंजूर आहे म्हणून त्यावरून नजर फिरवली, सीटीपीवर (छपाईची प्लेट काढणाऱ्या यंत्रावर) प्लेट निघाल्यावर मशीनवरच्या माणसाच्या लक्षात आलं. निविदा ही कायदेशीर सूचना असते, चुकीची छापली तर पैसे मिळत नाहीत आणि पुन्हा फुकट छापावी लागते. प्लेट परत काढली, डाक आवृत्तीची गाडी उशिरा सुटली. इतके दिवस स्टाईल हा ऑपरेटरांचा विषय होता, त्या रात्रीनंतर तो जाहिरात आणि वितरण विभागाचाही झाला.

डेटलाइनचं प्रकरणही सविस्तर सांगण्यासारखं आहे. बातमी ‘सांगली, ता. १२ :’ अशी सुरू होते आणि तेवढा भाग ठळक हवा असतो. त्यासाठी नेस्टेड स्टाईल असते, पॅरेग्राफच्या सुरुवातीपासून पहिल्या कोलनपर्यंत ठळक कॅरेक्टर स्टाईल आपोआप लागते. चाचणीत छान चाललं. पानावर मात्र मध्येच एखादी बातमी अशी यायची की पहिला अख्खा पॅरेग्राफ ठळक. कोलन तर समोर दिसतोय! बारकाईने बघितलं तेव्हा कळलं की तो कोलन नाहीच, विसर्ग आहे. मराठी कीबोर्डवर टाइप करताना भाषा न बदलता हाताशी विसर्ग मिळतो, दिसतो जवळजवळ सारखाच, म्हणून बरेच बातमीदार ‘ता. १२ः’ असंच टाइप करतात. प्रोग्रामला कोलन सापडत नाही आणि सापडेपर्यंत ठळक करायचं सांगितलंय, म्हणून तो पॅरेग्राफ संपेपर्यंत ठळक करत जातो.

सगळे विसर्ग बदलून कोलन करावे तर ‘दुःख’, ‘अंतःकरण’ मोडतात. शब्दाच्या शेवटी आलेला विसर्ग बदलावा तर ‘स्वतः’, ‘विशेषतः’, ‘सामान्यतः’ मोडतात. पण तारखेनंतरच्या विसर्गाच्या आधी नेहमी आकडा असतो आणि आकड्यानंतर खरा विसर्ग मराठीत येऊच शकत नाही. म्हणून फाइंड-चेंजमध्ये ग्रेपची (अक्षरांच्या नमुन्यावरून शोधायची) एक क्वेरी सेव्ह करून ठेवली, देवनागरी किंवा इंग्रजी आकडा आणि लगेच विसर्ग असेल तर विसर्गाच्या जागी स्पेस-कोलन. मजकूर पानात घेतल्यावर ती एकदा चालवायची. शिवाय डेटलाइनवाला पॅरेग्राफ ही वेगळी स्टाईल ठेवली, ‘२२ मजकूर डेटलाइन’. आधी कुणीतरी नेस्टेड नियम सरळ मुख्य मजकुराच्या स्टाईलमध्येच टाकला होता, त्यामुळे आत कुठेही ‘ते म्हणाले :’ आलं की तिथपर्यंत ठळक, आणि कोलन नसेल तर अख्खा पॅरेग्राफ ठळक.

कॅरेक्टर स्टाईलबद्दल एवढंच, की तिच्यात एकच गोष्ट ठेवा. ‘ठळक’ म्हणजे फक्त फाँटची बोल्ड शैली, फॅमिली नाही, साइझ नाही, रंग नाही. मग ती मजकुरात, चौकटीत, फोटोओळीत कुठेही चालते. जुन्या फाइलीत ‘बोल्ड’ नावाची कॅरेक्टर स्टाईल साइझसकट होती, फोटोओळीत लावली की अक्षरं एकदम मोठी व्हायची आणि मग ‘बोल्ड फोटो’ नावाची दुसरी जन्माला आली.

हेडची लीडिंग ऑटोवर ठेवू नये. प्रोग्राम मुळात १२० टक्के धरतो, ते रोमनला पुरतं. दोन ओळींच्या हेडमध्ये वरच्या ओळीत ‘कृषी’ आणि बरोबर त्याच्या खाली ‘कर्ज’ आलं की वरचा ऋकार आणि खालचा रफार एकमेकांना टेकतात, आणि शेतीच्या बातमीत हे दोन शब्द किती वेळा एकत्र येतात ते सांगायला नको. आम्ही हे दोन शब्दच चाचणीला घेतले, एकावर एक, ते सुटे दिसेपर्यंत प्रत्येक हेडची लीडिंग वाढवली आणि आकडा कायम केला.

मग सफाई. ह्यातला क्रम महत्त्वाचा आहे, तो उलटा झाला तर नुकसान होतं. जुन्या पानांत हाताने ठळक केलेला भरपूर मजकूर होता, थेट क्लिअर ओव्हरराइड्स (स्टाईलबाहेर हाताने केलेले बदल पुसायची आज्ञा) दिलं असतं तर सगळं साधं झालं असतं. म्हणून आधी फाइंड-चेंजमध्ये फॉरमॅट शोधायचा, बोल्ड सापडेल तिथे ‘ठळक’ कॅरेक्टर स्टाईल लावायची. मग जुनी पॅरेग्राफ स्टाईल डिलीट करायची, डिलीट करताना प्रोग्राम विचारतो की हिच्या जागी कुठली, तिथे नवीन द्यायची. आणि सगळ्यात शेवटी ओव्हरराइड्स साफ करायचे, त्यात हाताचं फॉरमॅटिंग जातं पण कॅरेक्टर स्टाईल टिकतात. सिलेक्ट ऑल अनयूज्ड करून उरलेल्या काढल्या. हे फक्त टेम्प्लेट आणि रोजच्या चालू पानांवर केलं. जुन्या वर्षांची पानं होती तशीच ठेवली, ती छापून झालीत, त्यांना हात लावून काही मिळणार नव्हतं.

लायब्ररी फाइलमध्ये तयार फ्रेम ठेवल्या. चौकट, फोटो आणि खाली फोटोओळ, अँकर, श्रद्धांजलीचा छोटा फोटोसकट ब्लॉक, बाजार समितीच्या भावाचं कोष्टक. प्रत्येक फ्रेमला ऑब्जेक्ट स्टाईल (अख्ख्या फ्रेमला लागणारी) आणि तिच्यात पॅरेग्राफ स्टाईल जोडलेली, ‘नेक्स्ट स्टाईल’सकट (पुढच्या पॅरेग्राफला कुठली स्टाईल ते). म्हणजे संक्षिप्तच्या फ्रेममध्ये मजकूर टाकून ऑब्जेक्ट स्टाईल लावली की पहिली ओळ हेड होते आणि पुढची मजकूर, ऑपरेटरला वेगळं काही लावायला लागत नाही. एक अडचण अशी आली की सर्व्हरवरची लायब्ररी एकाने उघडली की दुसऱ्याला उघडत नाही. ती फाइल रीड-ओन्ली केल्यावर सगळ्यांना एकाच वेळी उघडायला लागली, आणि कुणी त्यात आपलं काही टाकूही शकत नाही, जे आम्हाला हवंच होतं. क्लाउडवरच्या लायब्ररीचाही विचार झाला, पण तिथली स्टाईल वापरली की ती फाइलमध्ये कॉपी होते, पुढे मूळ बदललं तरी फाइलमधली बदलत नाही. रोजच्या पेपरला ते कामाचं नाही.

बदल सगळ्या पानांपर्यंत नेण्यासाठी इनडिझाइनचं बुक वापरलं, जे खरं तर पुस्तकांच्या प्रकरणांसाठी आहे. बारा पानांच्या फाइली एका बुकमध्ये, ‘मूळ पान’ नावाची फाइल स्टाईल सोर्स, सिंक्रोनाइझ दिलं की त्याच नावाच्या स्टाईल सगळ्या पानांत नवीन होतात, बंद फाइली प्रोग्राम स्वतः उघडून, बदलून, सेव्ह करून ठेवतो. जास्तीच्या स्टाईल मात्र तो काढत नाही, तेवढं हातानेच. आणि हे दुपारी चारच्या आत करायचं, पानं ऑपरेटरांकडे गेल्यावर नाही, कारण दुसऱ्याच्या मशीनवर उघडी असलेली फाइल लॉक असते. मूळ पान बदलायचा अधिकार एकाच माणसाला दिला, वीस वर्षं पानं लावणाऱ्या एका ज्येष्ठ ऑपरेटरला. संपादकीय विभागातल्या काहींना वाटत होतं की हा अधिकार डेस्कच्या प्रमुखाकडे हवा. मला वाटतं जो रोज रात्री स्टाईल लावतो त्यालाच ती कुठे आखूड पडते ते कळतं. निवडणूक, दहावी-बारावीचे निकाल, वारी, गणेशोत्सव अशा वेळी नवीन स्टाईल लागतेच, ती नव्वदच्या घरात नंबर देऊन तोच करतो आणि काम संपल्यावर तोच काढतो.

बातमीदारांकडून मजकूर आता बहुतेक मेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर युनिकोडमध्ये येतो. प्रेफरन्समध्ये क्लिपबोर्डचं सेटिंग ‘फक्त मजकूर’ केल्यामुळे बाहेरून पेस्ट केलेलं साधंच येतं. वर्डची फाइल आलीच तर इम्पोर्ट ऑप्शन्समध्ये त्यांची ‘नॉर्मल’ म्हणजे आपली २१ असं मॅपिंग करून प्रीसेट सेव्ह केलाय.

मूळ मागणी, साडेदहावर तेरा. ‘२० मजकूर पाया’मध्ये दोन आकडे बदलले, प्रत्येक फाइलमध्ये बेसलाइन ग्रिड (सगळ्या कॉलमच्या ओळी एका पातळीत ठेवणारी आखणी) १३ वर आणली, सिंक्रोनाइझ केलं. बाराही पानांवरचा बातम्यांचा सगळा मजकूर बदलला. संपादकीय पानाचं लीडिंग तिथल्या लेखांसाठी १४ च हवं होतं, त्या स्टाईलमध्ये ते वेगळं लिहिलेलं असल्यामुळे ती जागची हलली नाही, फक्त तिला ग्रिडपासून सोडवून ठेवावं लागलं.

जाहिरातीचा मजकूर मात्र आता पानात पेस्टच करत नाहीत. बाहेरून काहीही आलं तरी ते वेगळ्या फाइलमध्ये लावलं जातं, तिथे पाया स्टाईल लावून कंपोझर तपासला जातो, त्याची पीडीएफ निघते, जाहिरात विभागाची सही होते आणि ती पीडीएफ चित्रासारखी पानावर प्लेस होते. एजन्सीच्या फाइली अजूनही त्यांच्या त्यांच्या स्टाईल घेऊन येतात, त्या त्यांच्या फाइलमध्येच राहतात.